पाण्याची राखण

आमच्याकडे कोणी भेटीस आले की त्यांची नजर प्रथम माझ्याकडे जात नाही. ती खिडकीलगतच्या काचेच्या टाकीकडे जाते. स्नानसंस्काराचा दाखला मागायला आलेले आईवडील असोत, लग्नाची तारीख ठरवायला आलेले वधूवर असोत, की घरच्या कटकटी सांगायला आलेली एखादी म्हातारी असो, बोलता बोलता सारेच त्या टाकीतल्या सोनेरी माशाकडे पाहू लागतात. "फादर, हा तुमचा मासा?" हा प्रश्न ठरलेला. माझे उत्तरही ठरलेले: "माझा नाही. माझ्याकडे ठेवायला दिलेला आहे." ते ऐकून लोक हसतात. त्यांना वाटते, फादर काही आध्यात्मिक अर्थाने बोलत आहेत. वास्तविक ते उत्तर शब्दशः खरे आहे आणि त्यामागे एक हकीकत आहे. ती माझ्या फजितीची आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांच्या हट्टापायी सोनेरी मासे येतात आणि पंधरा दिवसांच्या आत मरतात. त्या घरांना तिचा उपयोग होईल, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

कर्जत सोडून खोपोलीकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्थानक म्हणजे पळसदरी. एका अंगाला घाटाचे डोंगर, पायथ्याशी भातखाचरे आणि जवळच धरणाचा जलाशय. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी कोसळू लागले की रविवारी मुंबईहून तरुणांचे थवे उतरतात. एरवी गाव आपल्या शांततेत असते. ह्या परिसरातील कॅथलिक कुटुंबे मोजकी, आणि तीही विखुरलेली. बरीचशी नोकरीनिमित्त आलेली आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधणारी. धर्मगुरूचेही तसेच असते म्हणा.

अशांपैकीच एक रेल्वेतले कुटुंब होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात; त्या धावपळीत वडिलांची उमेदीची वर्षे गेलेली. जून २०१९ मध्ये त्यांची भुसावळला बदली झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, जो माझ्याकडे वेदीसेवक म्हणून येत असे, काचेचे एक गोल भांडे छातीशी धरून दारात उभा राहिला. भांड्यात दोन सोनेरी मासे होते. त्याने त्यांची नावे पेत्र आणि पौल अशी ठेवली होती.

"फादर, गाडीत पाणी हिंदकळेल, हे मरतील. तुम्ही सांभाळाल?"

"सांभाळीन की."

"मी येईपर्यंत?"

"तू येईपर्यंत."

धर्मगुरूच्या आयुष्यात शब्द देण्याचे आणि घेण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. त्यांतला हा अगदी सहज दिलेला शब्द मला सर्वांत महाग पडला.

मी लहानपणापासून मासे खात आलो होतो. पाळले कधीच नव्हते. गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, पण दोन मासे कसे जगवावेत हे कोणी शिकवले नव्हते. म्हणून जे प्रेमाला सुचेल ते करू लागलो. सकाळी चहाबरोबर पावाचा तुकडा, दुपारी भाताची शिते, रात्री बिस्किटाचा चुरा. मी भांड्याजवळ गेलो की दोघे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत. मला वाटे, बिचारे भुकेलेले आहेत. आमच्याकडे येणाऱ्या एक सिस्टर थट्टेने म्हणाल्या, "संत अंतोनीने माशांना प्रवचन दिले होते, आमचे फादर त्यांना बेकरीच देत आहेत!"

तिसऱ्या दिवशी पाणी धुरकट झाले. मी सगळे पाणी ओतून दिले, भांडे साबणाने लखलखीत घासले, तळाचे रंगीत खडे नळाखाली खळखळून धुतले आणि नळाचे ताजे पाणी भरून दोघांना परत आत सोडले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा धुरकट. पुन्हा तीच स्वच्छता. असे आठवडाभर चालले. मी घाम गाळीत होतो आणि मनातून थोडा सुखावलोही होतो की, पाहा, परक्याच्या ठेवीची आपण किती निगुतीने काळजी घेत आहोत!

२७ जूनला गुरुवार होता. पहाटे मिस्साच्या तयारीसाठी उठलो आणि दिवा लावला. पौल पाण्यावर आडवा तरंगत होता. पेत्र पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होता. दोनच दिवसांनी संत पेत्र आणि संत पौल ह्यांचा सण होता, आणि मुलाने त्या दिवशी माशांना माझ्याकडून शुभेच्छा देण्यास सांगितले होते.

आवारातल्या पारिजातकाखाली पौलाला पुरले. दुपारपर्यंत ही बातमी तीन-चार घरांत पोहोचली आणि सल्ला मात्र एकच आला: "त्यात काय एवढे, फादर? तसाच दुसरा आणून ठेवा. पोराला काय कळणार?" सल्ला देणारी सारी माणसे सज्जन होती आणि मुलाला दुःख होऊ नये हाच त्यांचा हेतू होता. खरे सांगायचे तर मलाही तो पटू लागला होता. त्यात खोटे बोलावे लागणार नव्हते. केवळ गप्प राहावे लागणार होते. पण ज्या मुलाला मी पहिल्या पापनिवेदनासाठी तयार केले होते, ज्याला चूक आपल्या तोंडाने सांगण्याचे धैर्य शिकवले होते, त्याच्यापासून आपली चूक लपवायची हे काही केल्या गळ्याखाली उतरेना. फोनवर सांगण्याची हिंमत होईना, म्हणून पत्र लिहिले. पौल मेला, आणि तो माझ्या अज्ञानामुळे मेला, एवढेच. दहा-बारा दिवसांनी भुसावळहून पोस्टकार्ड आले. मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती: "फादर, पेत्र कसा आहे?"

राग नाही, दोष नाही. जो गेला त्याच्याविषयी अवाक्षर नाही. त्या एका ओळीने मला जे कामाला लावले, ते आजतागायत.

कातकरीवाडीवरचे एक वृद्ध गृहस्थ कधी खेकडे, कधी वाम घेऊन येतात. नदीनाल्यांतल्या माशांविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही पुस्तकात मिळायचे नाही. मी पुन्हा एकदा भांडे रिकामे करायला निघालो असता ते पायरीवर बसून पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "फादर, तळ्याचं पानी कोन बदलतंय?"

मी भांडे तसेच खाली ठेवले. खरेच, तळ्याचे पाणी कोण बदलते? कोणीच नाही. तरीही तिथले मासे जगतात, वाढतात. मग तळ्यात असे काय आहे, जे माझ्या लखलखीत भांड्यात नाही?

त्याच आठवड्यात काही कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटमधील एका मासेविक्या दुकानदाराला गाठले. माझी सर्व हकीकत त्याने शांतपणे ऐकली आणि दुसरा मासा विकण्याऐवजी मला स्टुलावर बसवून घेतले. त्यानंतर काही पुस्तकेही वाचली. त्या सर्वांतून जे समजले ते सोप्या शब्दांत मांडतो.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याची मोरी आणि त्याचा संडासही असतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचे विष सतत पाण्यात उतरत असते. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजले की तेच विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाण्यातही मासा त्याने गुदमरून मरू शकतो. तळ्यात हे विष साठत नाही, कारण तिथे दोन प्रकारचे सूक्ष्मजंतू राबत असतात. पहिला प्रकार अमोनियाचे नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा प्रकार त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते थोड्या प्रमाणात असेल तर माशाला सोसते आणि पाणवनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. हे जंतू मुख्यतः तळाच्या खड्यांवर, काचेवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी साबणाने जी घाण धूत होतो, ती बहुतांशी ही वस्तीच होती. त्यातून जे वाचत असतील त्यांना नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारीत होते. तेच क्लोरीन माशांच्या नाजूक कल्ल्यांनाही भाजत होते. ज्यांच्या जिवावर मासे जगायचे, त्या अदृश्य सेवकांना मी रोज हाकलून देत होतो आणि त्याला स्वच्छता म्हणत होतो.

दुकानदाराचे एक वाक्य माझ्या लक्षात राहिले: "फादर, मासा पाळू नका, पाणी पाळा. मासा आपोआप पाळला जातो."

गोल भांडे त्याच दिवसापासून बाद झाले. त्यात पाणी थोडे मावते आणि वर तोंडाशी ते अरुंद होत गेल्याने हवेशी त्याचा संपर्क कमी येतो. हे मासे शोभेचे असले तरी कुळाने ते कार्प जातीचे आहेत. ते बोटाएवढे राहत नाहीत. गुबगुबीत अंगाच्या जाती वीतभर होतात, लांबट अंगाच्या त्याहूनही मोठ्या. एका माशाला निदान पंचाहत्तर-ऐंशी लिटर पाणी हवे आणि पुढच्या प्रत्येक माशामागे आणखी चाळीसेक लिटर. मी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच टाकी घेतली. तिच्यात शंभराहून अधिक लिटर पाणी मावते, म्हणजे शंभर किलोहून अधिक भार. तेव्हा ती डळमळत्या टेबलावर ठेवून भागत नाही. सुताराकडून भक्कम घडवंची करून घेतली आणि काचेला तडा जाऊ नये म्हणून खाली थर्मोकोलचा तक्ता घातला. टाकीवर थेट ऊन येत नाही ना हे पाहिले, कारण उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. हवेचा पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच ठेवला, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते.

आता माझा नेम असा आहे. दर शुक्रवारी रात्री नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादल्यांत भरून उघडे ठेवतो. चोवीस तासांत त्यातले साधे क्लोरीन बहुतेक उडून जाते आणि पाणी खोलीच्या तापमानाला येते. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे औषध थेंबाने घालता येते. शनिवारी रात्री टाकीतले केवळ पाव हिस्सा पाणी रबरी नळीने तळाच्या घाणीसकट ओढून काढतो आणि तेवढेच मुरलेले पाणी हळूहळू ओततो. काढलेले पाणी तुळशीला आणि गुलाबाला घालतो. त्यांना ते मानवते. गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धूत नाही. टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळतो, म्हणजे गाळ निघतो आणि जंतूंची वस्ती शाबूत राहते. साबण ह्या कोपऱ्यात फिरकत नाही.

अन्नाविषयी मला सर्वांत अधिक लाज वाटते. ह्या माशाला आपल्यासारखे जठर नसते. अन्न साठवून ठेवण्याची सोयच नसल्याने तो सतत थोडेथोडे शोधत फिरतो. त्याचे तोंड उघडे दिसले म्हणजे तो उपाशी आहे असे नव्हे. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे आणि उरलेले काढून टाकावे. विकतचे गोळीखाद्य आधी थोडे भिजवावे. सालपट काढलेला उकडलेला मटार किंवा पालकाचे पान अधूनमधून द्यावे, म्हणजे पोट साफ राहते. पाव आणि बिस्किटे पूर्ण वर्ज्य. जाणकार आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नये असे सांगतात. मी त्यासाठी शुक्रवार निवडला. त्या दिवशी मी आणि पेत्र, दोघेही उपवास करतो. आमच्यापैकी पेत्राची कुरकुर अधिक असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. चर्चची दारे बंद झाली. रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करून परत यायचे, तर घरात हालचाल करणारा दुसरा जीव म्हणजे हा मासा. विकतचे खाद्य महिन्याभरात संपले, तेव्हा पालक आणि काकडीवर भागवले. कर्जतचा उन्हाळा कडक. पाणी जितके तापते तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना सुमारे साडेसात. ह्या माशाला वीसच्या आसपासचे तापमान आवडते, म्हणजे उन्हाळ्यात त्याची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. दुपारी झाकण काढून ठेवायचे, पंप जोरात सोडायचा आणि थंड पाण्याने भरलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवायची. बर्फ थेट टाकू नये. एकदम गारठा त्याला सोसत नाही.

ह्या सगळ्याची खरी परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्याकडे झाडे पडली, पत्रे उडाले आणि वीज गेली ती दोन रात्री आलीच नाही. पंप बंद. तासाभरातच पेत्र पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. पौलाच्या शेवटच्या पहाटे पाहिलेले तेच दृश्य. मी मेणबत्ती लावली, तांब्या घेतला, टाकीतलेच पाणी भरून हातभर उंचीवरून टाकीत सोडू लागलो. पडणाऱ्या धारेबरोबर हवा मिसळते, एवढे समजले होते. जपमाळेचा एक टप्पा म्हणायचा, मग दहा-बारा तांबे ओतायचे, पुन्हा जपमाळ. बाहेर वारा घोंगावत होता. गावात कोणाकोणाचे छप्पर गेले असेल ह्याची चिंता होती आणि एका माशासाठी रात्र जागवणे त्या क्षणी हास्यास्पदही वाटत होते. पण दिलेला शब्द लहान जिवासाठी असला म्हणून तो लहान होत नाही. पहाटे पाणी गार झाले तेव्हा पेत्र खाली उतरला आणि मी खुर्चीतच झोपलो. उजाडल्यावर वाडीवर आणि वस्तीत फिरलो, तेव्हा पत्रे उचलायला मीही हात लावला.

दोन आठवड्यांनी पेत्राच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. तो खड्यांना अंग घासू लागला. ताण पडलेल्या माशाला हा परजीवी रोग लवकर धरतो. त्वचेत शिरलेल्या जंतूवर औषध चालत नाही. तो सुटून पाण्यात पोहू लागतो तेव्हाच मरतो, म्हणून उपचार चिकाटीने करावा लागतो. आपल्या पेण-उरण भागातले साधे जाडे मीठ कामी आले. लिटरमागे एक ग्रॅम ह्या हिशेबाने वेगळ्या पाण्यात विरघळवून, बारा-बारा तासांनी तीन वेळा घातले आणि दोन आठवडे तसेच राहू दिले. पाणवनस्पती आधी बाहेर काढून ठेवल्या, कारण त्यांना मीठ सोसत नाही. ठिपके गेले, आणि मग पाणी थोडेथोडे बदलून मीठही उतरवले.

ह्या काळात पेत्राशी चांगली ओळख झाली. सोनेरी माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, असे लोक सांगतात. ती निव्वळ थाप आहे. पेत्र माझी पावले ओळखतो. पाहुण्यांसाठी तो जागचा हलत नाही. इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर ह्या माशांना चाकांवरची पाण्याची टाकी स्वतः चालवीत ठरावीक जागी नेण्यास शिकवले आणि ते काम जानेवारी २०२२ मध्ये जगापुढे आले. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, तळ्यांतल्या साध्या करड्या माशांमध्ये अधूनमधून निपजणारे सोनेरी मासे निवडून वाढवले गेले. ते युरोपात सतराव्या शतकात पोहोचले. इंग्लंडमधील यॉर्कशायरात १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला 'टिश' नावाचा मासा १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला. हे वाचले तेव्हा मी पारिजातकाकडे पाहिले. पौलाचे आयुष्य किती उरले असेल, हा विचार सुखाचा नव्हता.

मध्यंतरी कोणी सुचवले, "फादर, कशाला एवढा खटाटोप? धरण जवळच आहे. सोडून द्या, स्वतंत्र होईल बिचारा." ऐकायला दयेचे वाटते. पण पहिल्या पावसात आमच्याकडे वलगणीचे मासे ओहोळांतून उलटे चढू लागतात, तेव्हा लहानथोर सारे पाहायला धावतात. त्या माशांचे घर म्हणजे हे नदीनाले आणि हा जलाशय. सोनेरी मासा तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ करतो, वनस्पती उपटतो आणि आपल्याबरोबर परके रोग नेतो. अमेरिकेतील बर्न्सव्हिल शहराला जुलै २०२१ मध्ये लोकांना जाहीर विनंती करावी लागली की पाळलेले सोनेरी मासे तळ्यात सोडू नका, कारण तिथल्या एका तळ्यात ते भलतेच मोठे होऊन माजले होते. आपल्या उजनीच्या जलाशयात बाहेरून आलेल्या चिलापीने काय केले ते तिथल्या भोई बांधवांना विचारावे. परमेश्वराने प्रत्येक पाण्याला त्याची प्रजा दिलेली आहे. एका माशावरची जबाबदारी टाळण्यासाठी दुसऱ्या सगळ्यांचे घर बिघडवणे ही दया नव्हे. माझ्यासारख्या पाळणाऱ्याला खरोखरच शक्य नसेल, तर मासा दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावा.

मे २०२२ मध्ये ते कुटुंब सुटीत कर्जतला आले आणि एका दुपारी मुलगा एकटाच माझ्याकडे आला. बारा वर्षांचा, आवाज फुटू लागलेला. टाकीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. पेत्र वीतभर झाला होता. "एवढा मोठा होतो?" असे म्हणून त्याने काचेवर हात ठेवला. मग पौल कोठे आहे विचारले. मी त्याला पारिजातकापाशी नेले. तिथे तो हळूच म्हणाला, "फादर, तो खरा पौल नव्हता."

मला अर्थ लागेना.

"खरा पौल आधीच मेला होता. आमच्याकडे असताना. मी शाळेतून येण्याआधी बाबांनी दुसरा आणून ठेवला. खऱ्या पौलाच्या शेपटीवर पांढरा डाग होता. मला लगेच कळलं. पण बाबा इतके घाबरून माझ्याकडे बघत होते, की मी काही बोललो नाही."

"बाबांना माहीत आहे, तुला कळले ते?"

त्याने मान हलवली. नाही.

वाचकहो, मी त्या क्षणी काय बोलणार होतो? तीन वर्षांपूर्वी मीही तोच मार्ग धरण्याच्या बेतात होतो. "पोराला काय कळणार?" असे आपण किती सहज म्हणतो! पोराला सगळे कळते. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तेच उलट गप्प बसते, आणि मग घरात एकमेकांना जपणारी दोन मौने समोरासमोर वाढत राहतात. वरून सगळे नितळ दिसते. मी एवढेच म्हणालो, "बाळ, बाबांनी ते तुझ्यावरच्या मायेने केले. पण तू त्यांना सांग. त्यांना हलके वाटेल." त्याने सांगितले. त्या दोघांच्या परवानगीनेच मी हे येथे लिहीत आहे.

निघताना मी टाकीकडे बोट दाखवून म्हणालो, "मग, नेणार ना?" शब्दाप्रमाणे ठेव परत करणे माझे काम होते, दुकानदाराकडून प्रवासाची जाड पिशवी कशी भरायची तेही विचारून ठेवले होते. मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, "नको, फादर. त्याला इथलं पाणी लागलंय. मी येत जाईन." तो येतो. आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. आला की आधी स्पंज तपासतो, मग मला नमस्कार करतो.

माझ्या बदलीचे पत्रही केव्हातरी येईल. पुढे येणाऱ्या धर्मगुरूंसाठी टाकीच्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवला आहे: किती पाणी काढायचे, किती खाद्य घालायचे, वीज गेली तर तांब्या कोठे आहे. सर्वांत वर लिहिले आहे, "हा मासा ठेवायला दिलेला आहे."

आज शुक्रवार. आम्हा दोघांचाही उपवास. उद्याच्या पाण्याच्या बादल्या मात्र अजून भरायच्या आहेत.